चौथा तक्ता

६ मार्च

प्रिय कशावरून,

या नावाने तुला कुणी हाक मारून बरेच दिवस झाले असतील. लहानपणी तू प्रत्येक गोष्टीवर 'कशावरून?' विचारायचीस म्हणून ते नाव पडलं, आणि तुझी आई गेल्यावर ते घेणारा मी एकटाच उरलो. फोनवर घ्यायची सोय नाही, कारण माझा फोन तू उचलत नाहीस. तक्रार करत नाही. पण कागद उचलावाच लागतो, निदान टाकून द्यायला तरी. म्हणून कागदावर आलो.

इथे सगळं बरं आहे. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून घेतला. ज्याने काढला तो माझ्याच हाताखाली टाके घालायला शिकलेला. मला टेबलावर आडवं करून म्हणतो कसा, "सर, अजिबात हलायचं नाही हं." जन्मभर मी लोकांना हेच दटावत आलो, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला किती वाईट लागतं ते आत्ता कळलं. असो. आता आपल्या वैद्यकीय जर्नलातला मुंगीएवढा टाईपसुद्धा भिंगाशिवाय दिसतो.

जर्नल अजून येतं. पोस्टमन पूर्वीसारखाच फाटकातून हाक मारतो, पण दारात कुणी नसतं. तुझी आई आतपर्यंत ऐकू येईल अशी ओरडायची, "अहो, आली बघा माझी सवत!" आणि मी हातातला चहा टाकून उठायचो. पाकीट फोडायचं काम तिचं होतं. मी फोडलं की पहिलं पान हमखास फाटायचं. "एवढंसं पाकीट नीट उघडता येत नाही," म्हणायची, "आणि लोक तुमच्यापुढे पोट उघडं टाकतात."

बाकीच्यांचं वाचन तू जाणतेसच. आमच्या हाडवाल्या डॉक्टरांना जर्नलात परिषदांच्या जाहिराती तेवढ्या दिसतात. परिषद कुठे आहे आणि तिथून समुद्र किती लांब आहे, एवढं कळलं की अंक बाजूला. नवी मुलं मोबाईलवर सारांशाच्या चार ओळी वाचतात आणि दुसऱ्या दिवशी पेशंटाच्या गोळ्या बदलतात. आणि ज्यांचा स्वतःचा लेख छापून येतो ते अंक दिवाणखान्यात असा ठेवतात की पाहुण्याचा हात त्यावरच पडावा. मी अजून मागूनच वाचतो. आधी कोण गेलं ते, मग मागच्या अंकांतल्या चुकांच्या दुरुस्त्या, मग संपादकाकडे आलेली भांडणं, आणि मग लेख. लेखातही निष्कर्ष सगळ्यात शेवटी. तुला आठवत असेल, सारांशाचं पान मी स्टेपलने बंद करून मगच लेख गुरुवारच्या बैठकीत वाटायचो, म्हणजे आकडे बघायच्या आत कुणी शेवटाकडे उडी मारू नये. तू शाळेत असताना नखाने त्या पिना काढायचीस, पान वाचायचीस आणि परत लावून ठेवायचीस. मला कळत नाही असं तुला वाटायचं.

एक विचारायचं होतं. तुझ्याकडे जर्नल अजून येतं ना? तू पास झालीस त्या वर्षी मी तुझी वर्गणी भरली होती, पुढे तू चालू ठेवलीस की नाही ते माहीत नाही. येत असेल तर मार्चचा अंक वाचायची काही घाई नाही. मी चाळला. विशेष काही नाही. कव्हर मात्र छान आहे.

तब्येत सांभाळ.

तुझे बाबा


१९ मार्च

प्रिय कशावरून,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. 'विशेष काही नाही' हे धादांत खोटं होतं, आणि तुला ते वाचताक्षणी कळलं असणार. मार्चच्या अंकात ती ट्रायल आली आहे. ज्या अभ्यासाची तू आणि मी वाट बघत होतो, तोच.

मी ते तुला कळवणारच नव्हतो. पण रविवारी जावईबापूंचा फोन आला. ते अधूनमधून करतात, तू घरात नसताना. तू त्यांना रागावू नकोस, सज्जन माणूस आहे. म्हणाले, "बाबा, ती आता ऑपरेशनला उभीच राहत नाही. ओपीडी बघते, मुलांना शिकवते आणि घरी येते. मी विचारलं तर म्हणते, हात दुखतो." हात दुखतो! केसाएवढ्या शिरा जोडताना ज्या हाताखाली मोठमोठ्या सर्जनांनी बघत उभं राहावं, तो हात दुखतो. फोन ठेवला. मला वाटलं, ही पोरगी आधीच इतकी खाली गेली आहे, आणि एक दिवस कुठल्यातरी टेबलावर तो अंक तिच्या हाताला लागेल आणि ती एकटीने उघडेल. तसं व्हायला नको. वाईट बातमी पेशंटाला रिपोर्टातून कळू द्यायची नाही, समोर बसून सांगायची, हे मीच तुला शिकवलं होतं. समोर बसायला तू देत नाहीस, म्हणून असं सांगतो.

नीट मांडतो, राउंडला केस मांडावी तशी. तुझ्या आईच्या मानेतली, मेंदूला रक्त नेणारी शीर अरुंद झाली होती. दुसऱ्याच कशासाठी तपासायला गेलो आणि हे सापडलं. त्रास म्हणशील तर काडीचा नव्हता. स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे काढत होती. तुझं म्हणणं पडलं, ऑपरेशन करून शीर साफ करून घेऊ, नाहीतर एक दिवस झटका येऊन अर्धं अंग लुळं पडेल. माझं म्हणणं, गोळ्या देऊ आणि लक्ष ठेवू. तू एक पेपर पुढे टाकलास, मी दुसरा टाकला. जेवणाच्या टेबलावर ताटं सरकवून आपण तक्ते मांडले. ती मधल्या खुर्चीत बसली होती. शेवटी म्हणाली, "मान माझी आहे. मला कुणी विचारणार आहे का?" मी तक्ते बाजूला केले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही वाचता फार आणि ठरवत काही नाही. मी माझ्या लेकीचं ऐकणार."

ऑपरेशन तुझ्या सरांनी केलं, आणि उत्तम केलं. मी नंतर सगळे कागद वाचले, कुठे बोट ठेवायला जागा नाही. संध्याकाळी तिने पाणी मागितलं, आणि पेला घ्यायला उजवा हात उचलेना. पुढचं तुला माहीत आहे. ते मी लिहीत नाही, लिहवत नाही.

सगळं उरकून माणसं गेल्यावर तू मागच्या पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसलीस. विचारलंस, "बाबा, माझं चुकलं का?" मी म्हणालो, "आत्ता सांगता येत नाही. मोठी ट्रायल चालू आहे. निकाल यायला दोन वर्षं लागतील." ते खरं होतं, कशावरून. त्या दिवशी कुणालाच ते माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेलं मी कधी माहीत असल्यासारखं सांगितलेलं नाही. सकाळी उठून बघतो तर तू बॅग भरून निघाली होतीस.

तर निकाल आला आहे. त्रास नसलेल्या पेशंटांत ऑपरेशनने फायदा होत नाही. पहिल्या महिन्यात ऑपरेशन झालेल्यांनाच झटके जास्त येतात, आणि पुढे कितीही वर्षं गेली तरी ती तूट भरून निघत नाही. नव्या गोळ्या चांगल्या निघाल्या आहेत. लिहिलं. हात थांबत होता, पण लिहिलं.

आता माझं ऐक. तू ज्या दिवशी ठरवलंस त्या दिवशी छापलेलं जे काही होतं, ते मी या आठवड्यात सगळं परत काढून वाचलं. माळ्यावर चढलो, त्याबद्दल कामवाल्या बाईंची बोलणी खाल्ली. त्यातले बहुतेक पेपर तुझ्या बाजूचे आहेत. माझा जो एक होता तो लहान होता, आणि तू तेव्हाच म्हणाली होतीस की हा लहान आहे. बरोबर म्हणाली होतीस. तुझ्यासमोर जे होतं ते तू नीट वाचलंस. उद्या छापून येणारं आज कुणाला वाचता येतं?

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. पण अंक एकटीने उघडू नकोस. जावईबापूंना शेजारी बसव.

तुझे बाबा


२९ मार्च

प्रिय कशावरून,

हे पत्र घाईने लिहितोय, कारण चांगली बातमी आहे. आधीच्या पत्रात मी पेपरचा गोषवारा सांगितला, पण पेपर पुरता सांगितला नाही. ती माझी चूक. आता सांगतो.

आमची गुरुवारची जर्नलची बैठक अजून भरते, आपल्याच दिवाणखान्यात. पूर्वी चपला ठेवायला जागा पुरायची नाही. आता भूल देणारे काका, हाडवाले, मी आणि सरकारी दवाखान्यात नवीन लागलेला एक फिजिशियन. भूलवाले काका नेहमीप्रमाणे पहिल्या पानालाच डोळे मिटतात. इतकी वर्षं दुसऱ्यांना झोपवलं, आता स्वतःची पाळी, असं तुझी आई म्हणायची. हा लेख बैठकीत निघू नये म्हणून मी आतड्याच्या गाठीवरचा एक गरीब बिचारा लेख काढून ठेवला होता. पण नवा गडी मोबाईल उघडून बसलेला.

"सर, या महिन्याचा एवढा मोठा पेपर सोडून आपण हे काय वाचतोय?" असं म्हणून त्याने निष्कर्ष मोठ्याने वाचलासुद्धा. आणि वर म्हणतो, "म्हणजे धडधाकट माणसाची मान उघडणं हा निव्वळ वेडेपणा. असा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना घरी बसवायला पाहिजे."

तो कुणाच्या घरात बसून हे बोलतोय ते त्या पोराला माहीत नव्हतं. त्याचा काय दोष. भूलवाले काकांनी डोळे उघडले.

"चहा घे," ते म्हणाले.

"घेतो काका, पण मला सांगा, त्या बिचाऱ्या पेशंटनी..."

"अरे, चहा घे म्हटलं ना!"

काकांचा आवाज चढलेला मी प्रथमच ऐकला. ऑपरेशन चालू असताना दिवे गेले तेव्हाही तो चढला नव्हता. मी त्या मुलाला विचारलं, "तुम्ही पेपर वाचलात?"

"निष्कर्ष वाचला, सर."

"मग निष्कर्ष वाचलात. पेपर वाचा." मी आतून अंक आणला आणि चौथा तक्ता उघडला.

कशावरून, तो चौथा तक्ता बघ. त्यात त्यांनी पेशंटांचे लहान लहान गट पाडून प्रत्येक गटाचं वेगळं गणित दिलं आहे. बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, वयाप्रमाणे वेगळे, शीर किती अरुंद त्याप्रमाणे वेगळे. खालून दुसरी रांग. सत्तरीपुढच्या बायका, शीर अगदी चिंचोळी झालेल्या. त्या गटात ऑपरेशन झालेल्या बायका गोळ्यांवर ठेवलेल्यांपेक्षा बऱ्या राहिल्या. फार नाही, पण बऱ्या राहिल्या. मी ती रांग या मंडळींना दोनदा वाचून दाखवली. तुझी आई त्याच रांगेत बसते. वय बसतं, शिरेचं माप बसतं, सगळं बसतं. म्हणजे तिच्यासारख्या बाईला तू जे सुचवलंस ते बरोबरच होतं. तिचं नशीब फुटकं निघालं, त्याला पेपर काय करणार आणि तू काय करणार.

हाडवाले मध्येच म्हणाले, "पण सर, गट पाडून काढलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही हे तुम्हीच तर आम्हाला..." काकांनी त्यांच्या पायावर पाय दिला. मी ते बघितलं. हो, सांगायचो मी तसं. गट पाडत जा, पाडत जा, शेवटी मंगळवारी जन्मलेल्या टकल्यांना कुठलंही औषध लागू पडतंच, असं सांगून हसवायचो मी मुलांना. पण प्रत्येक वेळी ते लागू होतं असं नाही. हाडवाल्यांचं काय एवढं मनावर घ्यायचं.

रांगेतले आकडे मी सोबतच्या कागदावर तसेच्या तसे उतरवले आहेत, ते बघ. बाकीचा पेपर नाही वाचलास तरी चालेल. हे मी सांगतोय, मी! तेवढी एक रांग वाच आणि तो कागद पाकिटात ठेव. सोमवारी ऑपरेशनला उभी राहा.

तुझे बाबा


१४ एप्रिल

बाबा,

तुमची तिन्ही पत्रं मिळाली. तिन्ही मीच उघडली आणि एकही टाकलं नाही.

मार्चचा अंक माझ्या टेबलावर पाकिटासकट पडला आहे. मी तो उघडलेला नाही. उघडायचं कारण नाही, कारण तो पेपर मी गेल्या वर्षीच वाचला. लेख छापायच्या आधी जर्नल तो त्या विषयातल्या दोन-तीन जणांकडे तपासायला पाठवतं, नाव न कळू देता, हे तुम्हाला मी काय सांगायचं. त्यांतली एक मी होते. ही गोष्ट कुणाला सांगायची नसते. तुम्हाला सांगतेय.

मला 'नाही' म्हणता आलं असतं. घरच्या माणसावर बेतलेलं असेल तर नाहीच म्हणायचं असतं. तुमच्याकडून शिकलेल्या सगळ्या गोष्टींत मी मोडलेली ही एकच. पण निकाल येणारच होता, आणि तो दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती.

मी तो हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये बसून वाचायला घेतला. सारांशाचं पान पालथं घातलं आणि थेट तक्त्यांवर गेले. दुसऱ्या तक्त्याला कळलं. तरी मी पुढे तीन आठवडे तो पेपर उलटासुलटा केला. मला त्यात खोट हवी होती, बाबा. पेशंट निवडताना कुणी हातचलाखी केली असेल, ऑपरेशन करणारे कच्चे असतील, मधेच गळालेल्यांचा हिशेब लावला नसेल, काहीतरी. एखाद्याच्या घरात झडती घ्यावी तशी मी घेतली. काही मिळालं नाही. इतका स्वच्छ पेपर मी आजवर तपासलेला नाही. मग मी त्यांना कळवलं की हा जसाच्या तसा छापावा, आणि लवकर छापावा, कारण तो जितका उशिरा येईल तितक्या बायका उगाच टेबलावर जातील. ते पाठवलं आणि घरी जाऊन न जेवता झोपले. तुमच्या जावयाला पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

एकच बदल मी सुचवला होता. चौथ्या तक्त्यात. सत्तरीपुढच्या बायकांचा आकडा त्यांनी तसाच उघडा सोडला होता. मी लिहिलं, की हा फरक केवळ योगायोगाने आलेला असू शकतो, त्यावरून कुणावर उपचार ठरवू नयेत, असं तक्त्याखालीच लिहा. त्यांनी लिहिलं. ती ओळ तिथे छापली आहे, माझ्याच शब्दांत.

आईची रांग मला तेव्हाच दिसली होती. मलाही दोन दिवस ती धरून ठेवावीशी वाटली. ऑपरेशन करणारे आम्ही लोक अशा रांगेवर कसे झडप घालतो ते मला ठाऊक आहे, म्हणून तिच्याखाली ती ओळ घालायला लावली.

तुम्ही मला आकडे तसेच्या तसे उतरवून पाठवलेत. खालची ओळ उतरवली नाहीत. मोतीबिंदू काढलाय आणि मुंगीएवढा टाईपही दिसतो हे तुम्हीच लिहिलंत, तेव्हा दिसली नाही असं म्हणू नका. तुम्ही ती वाचलीत आणि गाळलीत. मुलांनी तळटीप न वाचता पेपर मांडला म्हणून त्यांना बैठकीतून उठवून लावणारा माणूस! ते पत्र वाचताना मी जिन्यात उभी होते. खाली बसले आणि लहान मुलीसारखी रडले. वरच्या मजल्यावरचा माणूस पिशवी घेऊन माझ्या बाजूने उतरून गेला, तरी थांबता येईना.

पण मला ती रांग नको, बाबा. तिच्यावर मी माझ्या हाताने फुली मारली आहे.

आणि आणखी एक. त्या दिवशी पायरीवर मी ट्रायलबद्दल विचारलं नव्हतं. ट्रायल चालू आहे हे मला तुमच्याआधी माहीत होतं. मी तुमच्याकडे आले होते. तुम्ही ओरडाल असं वाटलं होतं. ओरडला असतात, एखादी थप्पड मारली असतीत, तरी मी राहिले असते. तुम्ही मला तारीख दिलीत. दोन वर्षांनंतरची. ती घेऊन मी निघाले.

हात दुखत नाही. हात चांगला आहे. पण टेबलावर कुणालाही झोपवलं, कापड बाजूला केलं की ती मान मला आईची दिसते. मग मी म्हणते, हात दुखतो.

तारीख उलटून गेली आहे, म्हणून मी परत विचारते. पेपर काय म्हणतो ते मला पाठ आहे. तुम्ही सांगा. माझं चुकलं का?


१९ एप्रिल

बाळ,

हो. चुकलं.

तुला खोटं चालत नाही आणि मला ते जमत नाही. आयुष्यात एक ओळ लपवायला गेलो, तर ती नेमकी तुझीच निघाली. तेव्हा खरं तेच लिहितो. ऑपरेशन करायला नको होतं. न करता ती कदाचित अजून असती, आणि या क्षणी आत भांड्यांचा आवाज करत असती. तू आळस केला नाहीस, लबाडी केली नाहीस, तुझ्यासमोर होतं ते डोळ्यांत तेल घालून वाचलंस, आणि तरीही चुकलं. आपल्या कामात असं चुकता येतं, हे मी दरवर्षी नव्या मुलांना फळ्यासमोर उभं राहून सांगत आलो. माझ्या घरात ते घडलं तेव्हा मला ते वाक्य सुचलं नाही.

तू ओरडण्याचं लिहिलंस. मला राग आलाच नव्हता, तर ओरडू कसा? मला भीती वाटली होती. तू शेजारी येऊन बसलीस. मला वाटलं, हिला जवळ घेतलं तर मी हिच्या आईसाठी हंबरडा फोडीन, आणि मला तसं रडताना बघून ही पोर जन्मभर ते स्वतःच्या माथी मारून घेईल. म्हणून रडू गिळून टाकलं, आणि तोंड उघडलं तर ट्रायल बाहेर आली. मला दुसरं काही बोलता येत नाही ग. तुझ्या आईला ते माहीत होतं, ती माझं बोलणं तुला समजावून सांगायची. त्या दिवशी समजावून सांगायला ती नव्हती.

त्या पेपरला तू 'छापावा' म्हणालीस हे मी चार वेळा वाचलं. मला तसं करता आलं नसतं. मी काहीतरी खुसपट काढून तो परत पाठवला असता.

रविवारी सकाळच्या गाडीने मी तुझ्याकडे येतोय. जावईबापूंना कळवलं आहे, त्यांना घ्यायला येऊ दे, तू यायलाच पाहिजे असं नाही. गुरुवारची बैठक भूलवाल्यांवर सोपवली आहे, जागे राहिले तर घेतील. तू परत ऑपरेशन कर म्हणून सांगायला मी येत नाही. ते तुझं तू बघ, आज नाही तर वर्षाने बघ, कधीच नाही बघितलंस तरी माझी हरकत नाही. आणि तू दार उघडलं नाहीस तर मी बाहेर जिन्यात बसून राहीन. म्हातारा बाप बाहेर बसवलाय म्हणून शेजारी तुला नावं ठेवतील, तेव्हा उघडशील.

ती गेल्यापासून तू तिकडे आणि मी इकडे तिची केस वाचत बसलो. आपण दोघं मिळून तिच्यासाठी अजून एकदाही रडलेलो नाही. मी तेवढ्यासाठी येतोय.

बाबा